माती किती पाणी धरते, आणि त्यातलं झाडाला किती देते?

शाळेच्या प्रयोगवहीत एक आकृती हमखास असायची. तीन नरसाळी, प्रत्येकात गाळणकागद, एकात वाळू, दुसऱ्यात बागेतली माती, तिसऱ्यात चिकणमाती. वरून सारखंच पाणी ओतायचं आणि खाली किती गळलं ते मोजायचं. चिकणमातीतून सगळ्यात कमी गळायचं, मग 'चिकणमातीची जलधारणशक्ती सर्वाधिक' असं लिहून वही तपासायला द्यायची. निष्कर्ष खोटा नाही. पण त्याच्याच भरवशावर मी एकदा कुंड्यांच्या मातीत चिकणमाती वाढवली, आणि हाताला ओल लागत असतानाही रोपं माना टाकून बसली. पाणी मातीत होतं, पण माती ते सोडत नव्हती.

तेव्हापासून मी एकाऐवजी दोन आकडे मोजतो. पुरतं पाणी दिल्यावर जास्तीचं निथळून गेलं की मातीत किती उरतं, हा वरचा आकडा. झाड कायमचं कोमेजतं तेव्हाही मातीत किती शिल्लक असतं, हा खालचा. झाडाच्या कामाचं पाणी म्हणजे या दोहोंमधला फरक. हे दोन्ही आकडे घरी कसे काढायचे, ते पुढे सांगतो.

आधी थोडं आतलं

मातीच्या कणांमध्ये लहानमोठ्या पोकळ्या असतात. सगळ्या पाण्यानं भरल्या की माती संपृक्त झाली. मोठ्या पोकळ्यांतलं पाणी स्वतःच्या वजनानंच खाली उतरतं आणि तिथे हवा शिरते. बारीक पोकळ्यांतलं पाणी केशाकर्षणानं अडकून राहतं. हवा आणि पाणी दोन्ही मुळांना मिळतात अशी ही अवस्था, म्हणजे वाफसा. आपला वरचा आकडा इथला. प्रयोगशाळेत तो साधारण 33 किलोपास्कल ओढीला (म्हणजे मातीतून पाणी खेचायला लावलेल्या जोराला) मोजतात, वाळूसाठी 10 च्या आसपास.

पुढे मुळं पाणी ओढत जातात. आधी सैल धरलेलं संपतं, मग उरतो तो कणांना चिकटलेला पातळ थर. तो ओढायला इतका जोर लागतो की झाड हरतं. हा कोमेजबिंदू. प्रयोगशाळेत त्यासाठी 1500 किलोपास्कल, म्हणजे सुमारे 150 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब धरतात.

चिकणमाती पाणी का सोडत नाही, याचं उत्तर पृष्ठभागात आहे. फुगणाऱ्या चिकण खनिजांच्या एका ग्रॅमचा आतला-बाहेरचा पृष्ठभाग मिळून 700-800 चौरस मीटर भरू शकतो. एवढ्या पृष्ठभागाला नुसता पातळ थर चिकटला, तरी पाणी बरंच होतं. वजनकाट्याला ते दिसतं, मुळांना मिळत नाही.

काय काय लागेल

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा (0.1 ग्रॅमचा असेल तर उत्तम), मोजपात्र, नरसाळं, गाळणकागद किंवा सुती कापड, 2 मिलिमीटरची चाळणी, 105 अंश सेल्सिअसवर स्थिर राहणारा ओव्हन, दोन्ही तोंडं कापलेले सरळ भिंतीचे तीन-चार पत्र्याचे डबे, लाकडाची फळी, हातोडी, धारदार सुरी, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि वही. डब्याऐवजी पीव्हीसी पाइपचे तुकडे ठोकायला छान, पण ओव्हनमध्ये ते चालत नाहीत. माती धातूच्या भांड्यात काढूनच वाळवावी लागते.

प्रत्येक डब्याचा आतला व्यास आणि उंची मोजून घनफळ काढा. ते डब्यावरच न पुसणाऱ्या शाईनं लिहून ठेवा, शेजारी रिकाम्या डब्याचं वजनही. चिठ्ठ्या ओल्या होतात आणि हरवतात.

नमुना आणि पोत

वरचा पालापाचोळा बाजूला करा. 0 ते 15, 15 ते 30 आणि 30 ते 60 सेंटिमीटर अशा थरांचे नमुने वेगवेगळे घ्या. ते एकत्र केले की मिळणारा आकडा कुठल्याच थराचा नसतो. बागेच्या एकाच कोपऱ्यातला नमुना पुरत नाही, निदान तीन जागा निवडा.

मग पोत पाहा. चाळलेली माती सरळ बरणीत एक तृतीयांश भरा, वर पाणी आणि भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब घाला, पाच मिनिटं दणकून हलवा आणि बरणी ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा (वाळूपेक्षा बारीक, चिकणपेक्षा मोठे कण) दोनेक तासांत, चिकण कणांना एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. थरांची उंची पट्टीनं मोजली की अंदाजे प्रमाण कळतं. घाई असेल तर ओल्या मातीचा गोळा अंगठा आणि तर्जनीत दाबत पट्टी काढा. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर माती पोयट्याची किंवा वालुकामय, पाचपर्यंत गेली तर चिकण-पोयट्याची, पाचच्या पुढे गेली तर चिकणमाती.

नरसाळ्याचा प्रयोग, नीट केलेला

हा प्रयोग टाकाऊ नाही. मिश्रणांची आपसांत तुलना करायला तो झटपट आणि चांगला आहे, फक्त त्याच्या मर्यादा माहीत हव्यात.

माती सावलीत पसरून वाळवा, ढेकळं फोडा, चाळा. गाळणकागद आधी भिजवून निथळू द्या, नाहीतर कागदानं प्यायलेलं पाणी मातीच्या खात्यावर जातं. कागदासकट नरसाळ्याचं वजन नोंदवा. आता मोजपात्रात 100 मिलिलिटर माती घ्या, हलके तीनदा आपटून बसवा, तिचं वजन लिहा आणि ती नरसाळ्यात घाला. पाणी धार लावून ओतू नका. कडेकडेनं, थोडं थोडं, माती पूर्ण भिजेपर्यंत घाला. वर झाकण ठेवा. एका मिनिटात एखाददुसरा थेंब पडण्याइतकं गळणं मंदावलं की पुन्हा वजन करा. वाढलेले ग्रॅम म्हणजे धरलेलं पाणी, कारण एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिलिलिटर. प्रत्येक मातीचे तीन नमुने करा. तिघांत फार तफावत आली तर दोष बहुधा माती बसवण्याच्या पद्धतीत असतो.

मी वजनाऐवजी 100 मिलिलिटर का म्हटलं? समजा तेवढ्या कोकोपीटचं कोरडं वजन 8 ग्रॅम भरलं आणि त्यानं 64 मिलिलिटर पाणी धरलं. वजनाच्या हिशेबानं ते स्वतःच्या आठपट झालं, पाकिटावर छापायला झकास. पण कुंडीत आपण कोकोपीट वजनानं भरत नाही, जागा भरेल एवढं भरतो. जागेच्या हिशेबात ते 64 टक्के आहे, आणि चांगल्या मातीचे 45-50 टक्के त्याच्या फार मागे नाहीत. मुळं जागेत वाढतात, म्हणून तुलना नेहमी घनफळावर करा.

पाणी वरच गोळे होऊन थांबलं तर ती माती पाणी झटकते आहे. कोरड्या सपाट मातीवर एक थेंब ठेवून पाहा. पाच सेकंदांत तो जिरला नाही, तर आधी माती हलकी ओलावून रात्रभर झाकून ठेवा आणि मग प्रयोग करा. पूर्ण वाळलेल्या कोकोपीटमध्ये आणि सेंद्रिय वाळूत हे सर्रास होतं.

मुख्य मर्यादा मात्र वेगळी आहे. नरसाळ्यातली माती फारतर आठ-दहा सेंटिमीटर उंच असते. पाण्याला खाली ओढणारा जोर तेवढ्याच उंचीचा, म्हणजे जेमतेम एक किलोपास्कल. वाफशाचे 33 कुठे आणि हा एक कुठे! त्यामुळे नरसाळं आकडा नेहमी फुगवून सांगतं. पटत नसेल तर आंघोळीचा आयताकृती स्पंज घ्या. तो पाण्यात पूर्ण भिजवा, आडवा धरा आणि थेंब थांबेपर्यंत वाट पाहा. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, फक्त उंची वाढली. उथळ कुंडीचा तळ चिखलासारखा का राहतो आणि खोल कुंडीत तीच माती मोकळी का वाटते, याचं कारण हेच. तळाशी खडी घातल्यानंही तो चिखल जात नाही. बारीक मातीतलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ओला पट्टा फक्त खडीच्या वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते.

वरचा आकडा: डब्याची पद्धत

जमिनीसाठी खरी मोजणी हीच. चाळलेल्या मातीत रचना मोडलेली असते. गांडुळांची बिळं, मुळांच्या वाटा, कणांचे रवे काहीच उरत नाही. म्हणून माती जशी आहे तशीच, अखंड, कापून घ्यायची.

मीटरभर चौरस जागेभोवती मातीचा छोटा बांध घाला आणि आत पाणी सोडत राहा, हव्या त्या खोलीपर्यंत भिजेपर्यंत. मग वर प्लॅस्टिक अंथरून कडा मातीनं दाबा, म्हणजे पाणी खालीच जाईल, हवेत उडणार नाही. वालुकामय जमिनीला एक दिवस, पोयट्याच्या जमिनीला दोन, चिकणमातीला तीन किंवा त्याहून जास्त दिवस द्या. त्या जागी झाड नको, नाहीतर मुळं मधल्या वेळात आपला वाटा घेतील. भूजल अगदी वर असेल तर निथळणं पुरं होतच नाही; तिथे हा आकडा काढण्यात अर्थ नाही.

प्लॅस्टिक काढा. डबा मातीवर उभा ठेवा, वर फळी आडवी धरा आणि हलक्या, सरळ ठोक्यांनी आत घाला. डबा तिरका गेला किंवा आतली माती दबली तर तो नमुना सोडून द्या, मन घट्ट करून. सभोवतालची माती खणून डबा अलगद काढा आणि दोन्ही तोंडं सुरीनं सपाट छाटा. चूक सगळ्यात जास्त होते ती इथे. 8 सेंटिमीटर उंचीच्या डब्यात 2 मिलिमीटर खड्डा राहिला तर घनफळ अडीच टक्क्यांनी चुकतं. काट्यातली ग्रॅमभर चूक त्यापुढे काहीच नाही. डबा लगेच पिशवीत बांधा आणि शक्य तितक्या लवकर वजन करा.

मग पिशवी काढून डबा धातूच्या ताटलीत ठेवा आणि 105 अंशांवर 24 तास वाळवा. बाहेर काढून थोडं गार होऊ द्या, वजन करा, दोन तास पुन्हा आत ठेवा आणि परत वजन करा. दोन्ही वजनं सारखी आली की माती कोरडी झाली. तापमान वाढवून काम उरकू नका, सेंद्रिय भाग जळून तोही पाण्याच्या हिशेबात जातो. खिडकी उघडी ठेवा, भाजणाऱ्या मातीचा वास घरभर पसरतो. मायक्रोवेव्ह वापरायचाच असेल तर पत्र्याचा डबा आत अजिबात नको. माती काचेच्या भांड्यात काढून थोड्या थोड्या वेळाच्या फेऱ्यांनी वाळवा.

आता हिशेब. डबा 7 सेंटिमीटर व्यासाचा आणि 8 सेंटिमीटर उंच, म्हणजे घनफळ 308 घन सेंटिमीटर. डब्याचं वजन वजा करून ओली माती 508 ग्रॅम, कोरडी 400 ग्रॅम आली असं धरू. पाणी 108 ग्रॅम. 108 भागिले 400, म्हणजे वजनानं 27 टक्के. 400 भागिले 308, म्हणजे स्थूल घनता 1.3. आणि 108 भागिले 308, म्हणजे घनफळानं 35 टक्के. वजनाच्या टक्क्यांना स्थूल घनतेनं गुणलं की घनफळाचे टक्के मिळतात. पुढच्या पायरीत हे लागणार आहे.

खालचा आकडा: सूर्यफुलाची साक्ष

अमेरिकेत लायमन ब्रिग्ज आणि होमर शँट्झ यांनी 1912 साली अनेक वनस्पतींवर प्रयोग करून दाखवलं, की झाड कायमचं कोमेजतं तेव्हा मातीत किती पाणी उरतं हे झाडापेक्षा मातीवरच जास्त अवलंबून असतं. म्हणूनच एका झाडावर काढलेला आकडा बाकीच्यांनाही बऱ्यापैकी लागू पडतो. यासाठी सूर्यफूल सोयीचं: लवकर उगवतं, पानं मोठी, कोमेजणं स्पष्ट दिसतं.

अर्धा किलो माती बसेल अशा तीन डब्यांत तीच माती भरा आणि प्रत्येकात एक रोप वाढवा. पानांच्या तीन जोड्या आल्या की एकदा भरपूर पाणी द्या, निथळू द्या. मग खोडाभोवतीची माती प्लॅस्टिकनं झाका आणि पाणी बंद करा. डब्याला तळाशी भोकं असतील तर तीही चिकटपट्टीनं बंद करा.

काही दिवसांनी पानं दुपारी झुकतील. हे फसवं कोमेजणं, उन्हानं आलेलं. संध्याकाळी डबा अंधाऱ्या जागी ठेवून वर ओल्या कापडानं झाकलेलं खोकं पालथं घाला. सकाळी पानं ताठ दिसली तर रोप परत बाहेर ठेवा. ज्या सकाळी खालची पानं दमट अंधारातही उठत नाहीत, तो कोमेजबिंदू. लगेच डबा रिकामा करा, मुळं झटकून मधल्या भागातली शंभरेक ग्रॅम माती घ्या, वजन करा, वाळवा, पुन्हा वजन करा. इथे अखंड नमुना लागत नाही. इतक्या ओढीला पाणी कणांच्या पृष्ठभागाला चिकटलेलं असतं, त्यामुळे रचनेपेक्षा पोत महत्त्वाचा.

वजनानं 17 टक्के आले असं समजू. 1.3 नं गुणले की घनफळानं 22 टक्के. वरचे 35 वजा खालचे 22, म्हणजे झाडाच्या हातात 13 टक्के. मातीनं धरलेल्या पाण्याचा निम्म्याहून जास्त भाग झाडासाठी नव्हताच!

आकड्यांचं करायचं काय

13 टक्के म्हणजे मीटरभर खोलीत 130 मिलिमीटर. मुळं 30 सेंटिमीटरपर्यंत असतील तर 39 मिलिमीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, तेव्हा चौरस मीटरला 39 लिटर. पण झाडाला काठापर्यंत नेऊ नये. साधारण निम्मं संपलं की पाणी द्यावं, म्हणजे 19-20 लिटर. दिवसाला 5 मिलिमीटर खर्च होत असेल तर चार दिवसांनी पाळी येते. 'रोज थोडं थोडं' पाणी घालायची सवय किती मातीत गरजेची असते, हे असा हिशेब मांडल्यावर कळतं.

खडे असतील तर त्यांची जागा वजा करा. घनफळाचा पाचवा हिस्सा खडे असले तर मघाचे 13 टक्के सुमारे साडेदहावर येतात. माती खारवट असेल तर झाडाला आकड्यापेक्षाही कमी मिळतं, कारण क्षारही पाणी ओढून धरतात.

तुमचे आकडे बरोबर वाटेवर आहेत का, हे ताडून पाहायला साधारण प्रमाणं अशी: वाळूत वरचा आकडा 10 टक्के, खालचा 4-5. पोयट्याच्या मातीत 28 आणि 14. पोयटा खूप असलेल्या मातीत 31 आणि 11. भारी चिकणमातीत 42 आणि 30. वजाबाक्या करून पाहा. सगळ्यात जास्त धरते चिकणमाती, सगळ्यात जास्त देते पोयटा खूप असलेली.

यावर लगेच पुढचा प्रश्न येतो, 'मग कंपोस्ट घालून वाढवता येईल का?' येईल, पण ऐकतो तितकं नाही. मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी यांनी 2018 मध्ये जगभरातल्या नोंदी एकत्र करून पाहिलं, तर मातीतला सेंद्रिय कर्ब एक टक्क्यानं वाढला की उपलब्ध पाणी सरासरी 100 मिलिमीटर मातीमागे 1.16 मिलिमीटरनं वाढतं. वाळूत फायदा जास्त, चिकणमातीत कमी. वरच्या 15 सेंटिमीटरांत ही वाढ पावणेदोन मिलिमीटर झाली, वर धरलेल्या खर्चानं अर्ध्या दिवसाचीही सोय नाही. कंपोस्टचं खरं काम पाणी आत शिरायला वाट करून देणं आणि माती मोकळी ठेवणं हे आहे. त्यासाठी ते जरूर घाला.

कुंडीसाठी सोपी वाट

कुंडीला ओव्हनची गरजच नाही. संध्याकाळी भरपूर पाणी द्या, निथळणं थांबलं की कुंडीचं वजन करा. मग रोज त्याच वेळी वजन करत राहा. पानं पहिल्यांदा मलूल दिसतील त्या दिवशीचं वजन पहिल्या वजनातून वजा केलं की त्या कुंडीतल्या त्या झाडाला मिळणारं पाणी आलं, ग्रॅममध्ये म्हणजेच मिलिलिटरमध्ये. वरचा आणि खालचा आकडा एकाच भांड्यात, उंचीच्या भानगडीसकट. झाड मोठं झालं की त्याचं स्वतःचं वजन हिशेब बिघडवतं, तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी मोजणी नव्यानं करा.

उपकरणांबद्दल थोडक्यात. टेन्शिओमीटर ओढ थेट दाखवतो, पण 80-85 किलोपास्कलच्या पुढे त्याच्यात हवा शिरते; कोमेजबिंदूपर्यंत तो पोहोचत नाही. पाणी कधी द्यायचं हे ठरवायला मात्र उत्तम. दोन टोकांचे स्वस्त ओलावामापक बहुधा मातीची विद्युतवाहकता मोजतात. खत घातलं की काटा 'ओलं' दाखवतो, माती कोरडी असली तरी. धारिता मोजणारे सेन्सर बरे, पण त्यांनाही तुमच्या मातीची ओळख करून द्यावी लागते. वर केलेला डब्याचा प्रयोग इथे दुसऱ्यांदा कामी येतो: डबा कापण्याआधी शेजारीच सेन्सर खोचून त्याचा आकडा लिहून ठेवायचा, आणि वाळवल्यानंतर आलेल्या टक्क्यांशी जोडायचा. ओलं, मध्यम आणि कोरडं अशा तीन वेळा हे केलं की सेन्सर काय बोलतोय ते समजायला लागतं.